खरेदी करा ती दमलेल्या संध्याकाळसाठी

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

‘मी पन्नाशीचा आहे. घरात मी आणि ऐंशीच्या घरातले माझे वडील, असे दोघंच. आई गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच शिकलो. चार महिन्यांपूर्वी माझ्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सकाळी घ्यायची एक गोळी दिली आणि ‘कार्ब्ज कमी करा’ एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून मी भात, पाव, बटाटा, डाळ, फळं, दूध सगळं बंद केलं. बदामाचं पीठ, लो-कार्ब पाव, प्रोटीन बार असं बरंच काही आणलं. रविवारी पिशव्या भरून भाज्या आणतो आणि गुरुवारी त्यातल्या निम्म्या टाकून देतो. ऑफिसातून आल्यावर वडिलांसाठी एक आणि माझ्यासाठी एक असे दोन स्वयंपाक माझ्याच्यानं होत नाहीत. त्यांचं करून देतो आणि स्वतः उभ्या उभ्या चीज आणि शेंगदाणे खातो. रात्री अकराला बिस्किटांचा पुडा उघडतो आणि तो संपतो. परवा वडील म्हणाले, ‘माझ्यासाठी वेगळं नको करूस, मीही तुझंच खाईन.’ माझ्यात चिकाटीच नाही असं वाटायला लागलंय. झेपेल अशी एखादी खरेदीची यादी आणि सोपी पद्धत सांगाल का?’

यादीकडे वळण्याआधी त्या गोळीचं नाव बघा. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं. साखरेवरच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर ताटातला भात कमी झाल्यानं साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरण्याची भीती फारशी नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. जेवणातले पिष्टमय पदार्थ एकाएकी नाहीसे झाले आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांना हाच धोका आणखी जास्त. काही गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं. त्या चालू असताना कर्बोदकं, म्हणजेच कार्ब्ज, अगदी तळाला नेली तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साचून आम्लता वाढू शकते. तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही, म्हणून ते चटकन लक्षातही येत नाही. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर तिचीही मात्रा बदलावी लागू शकते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पण डॉक्टरांना या आठवड्यात फोन करून सांगा की ‘चार महिन्यांपासून मी अमुक अमुक पूर्ण सोडलंय’. त्यांनी ‘कमी करा’ म्हटलं होतं. तुम्ही काय काय बंद केलंत हे त्यांना बहुधा माहीतच नसेल.

रात्री अकराच्या बिस्किटांचा संबंधही इथे असू शकतो. त्या वेळी तुम्हाला घाम फुटतो का? हात थरथरतात, छातीत धडधडतं, काही सुचेनासं होतं? तसं होत असेल तर ती साखर खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी काहीतरी गोड खाणं हाच उपाय आहे, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर त्या क्षणी मोजून आकडा लिहून ठेवा आणि तो डॉक्टरांना दाखवा. तसं काहीच होत नसेल तर ती साधी भूक आहे. संध्याकाळी चार तुकडे चीज आणि मूठभर शेंगदाण्यांवर राहिलेलं पोट रात्री आपला वाटा मागतं. या दोन्हींपैकी काहीही असलं तरी ‘माझ्यात चिकाटी नाही’ हे निदान बसत नाही. चिकाटी नसलेला माणूस नोकरी सांभाळून तीन वर्षं रोज वडिलांना करून वाढत नाही.

आता वडिलांचं. त्यांचं एकच वाक्य तुम्ही लिहिलंय, पण सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्याची. मुलाला आपल्यामुळे त्रास नको, ही माया त्यात आहे, आणि आपण अडचण होतोय अशी थोडी भावनाही असावी. ऐंशीच्या घरात माणूस मुळातच कमी जेवतो. भूक मंदावलेली असते, दात साथ देत नाहीत, स्नायू झिजत असतात. अशा माणसाच्या ताटातून भात काढला आणि त्या जागी त्याला चावता येईल, रुचेल आणि तेवढंच बळ देईल असं काही आलं नाही, तर वजन उतरतं. म्हातारपणी उतरलेलं वजन परत भरून येणं फार अवघड असतं. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काही पथ्य सांगितलेलं नसेल तर त्यांचा भात, त्यांचं दूध, त्यांचं फळ चालू राहू द्या. ‘बाबा, तुमच्यासाठी मला वेगळं काही करावं लागत नाही,’ असं तुम्हाला त्यांना सांगता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. पुढचं सगळं मी ते खरं व्हावं म्हणून सांगते आहे.

माझ्या घरातही एका माणसाचं हे पथ्य बरीच वर्षं चालू आहे, आणि सुरुवातीला मीही तुमच्यासारखे दोन स्वयंपाक करत होते. दोन वेगळी पातेली, दोन वेगळ्या भाज्या, ओट्यावर दुप्पट पसारा. दोन महिन्यांत मी मेटाकुटीला आले. तोवर माझी अशी समजूत होती की हा म्हणजे एक वेगळा स्वयंपाक आहे, त्याची भांडी वेगळी, त्याचं सामान वेगळं. तुमच्या पत्रातही तीच समजूत दिसते. पण दोन माणसांचा स्वयंपाक एकच असू शकतो. फरक पडतो तो वाढताना, कुणाच्या ताटात कशाचा डाव मोठा यात.

त्यासाठी आधी ‘कमी’ म्हणजे किती हे पाहू. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आलं की तो फारच कमी कर्बोदकांचा आहार, ज्याला लोक कीटो म्हणतात. या शब्दाचा जन्म वजन उतरवण्यासाठी झालेला नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला होता. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी आजही तो मुलांना देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तुम्ही कुणाच्याही देखरेखीशिवाय, एका वाक्याच्या सूचनेवरून, जवळपास तिथवर जाऊन पोचलात.

१३० ग्रॅममध्ये किती मावतं ते एकदा कागदावर मांडून बघा. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एक छोटी वाटी भात धरा २८. शिजलेली मसूर १०० ग्रॅमला २०, आणि त्यातलेही आठेक ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, ज्यांनी साखर वाढत नाही. दीड वाटीभर डाळ धरली, साधारण १५० ग्रॅम, तर ३०. एक पेला दूध, १२. मध्यम आकाराचं एक सफरचंद, २०. दिवसभरात अर्धा किलो पालेभाजी, फ्लॉवर, कोबी, काकडी, टोमॅटो असं सगळं मिळून २५. मूठभर बदाम, ६. बेरीज १२१ होते. अंडी, मासे, कोंबडी यांचा हिशेब जवळपास शून्य, कारण एका अंड्यात एक ग्रॅमसुद्धा नसतं. म्हणजे तुम्ही कायमचं बंद केलेलं भात, डाळ, फळ आणि दूध हे सगळं एका दिवसात थोडं थोडं खाऊनही आहार ‘कमी कर्बोदकांचा’ राहतो. तुमच्यासाठी १३० पुरेसं आहे की आणखी खाली यायला हवं, हे तुमचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. पण सुरुवात इथून करता येते आणि इथून सुरुवात केलेला माणूस सहाव्या महिन्यातही टिकून असण्याची शक्यता जास्त.

डाळ परत आणा असं मी आग्रहानं म्हणेन. ती सोडल्यामुळे तुमच्या जेवणातले तंतू आणि प्रथिनं दोन्ही गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत. चीज आणि शेंगदाण्यांवर ते भरत नाहीत. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण पोट साफ होत नसेल तर कारण हेच असावं.

कुठला आहार सर्वांत चांगला, या वादात फार अडकू नका. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर केलेला वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या लोकांना मधुमेह नव्हता, त्यामुळे तो तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही, तरी त्यातून शिकण्यासारखं आहे. एका गटाला चरबी कमी करायला सांगितली, दुसऱ्याला कर्बोदकं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोनं, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना काही सूचना मात्र एकच होत्या : भाज्या भरपूर खा, वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी पिठं टाळा, आणि शक्य तितकं घरी शिजवून खा. बदामाचं पीठ आणा असं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला त्या अभ्यासातला हाच भाग मोलाचा वाटतो.

आता खरेदी. खरेदी करणारे तुम्ही आणि स्वयंपाक करणारे तुम्ही ही दोन वेगळी माणसं आहेत. रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघालेला माणूस झोप झालेला, उत्साहातला असतो. पालेभाजीची मोठी जुडी बघून त्याला वाटतं, या आठवड्यात मी सगळं नीट करणार. बुधवारी रात्री साडेसातला फ्रिज उघडणारा माणूस मात्र दमलेला असतो. त्याला जुडी दिसते आणि त्याबरोबर निवडणं, धुणं, चिरणं, मग ओटा पुसणं हे सगळंही दिसतं. तो दार लावतो आणि चीजकडे हात घालतो. तुमच्या भाज्या तुमच्या आळसानं सडत नाहीत. रविवारच्या माणसानं बुधवारच्या माणसाला न विचारता खरेदी केलेली असते, म्हणून सडतात. यापुढे पिशवीत काहीही टाकताना बुधवारच्या त्या माणसाला विचारा : हे वीस मिनिटांत ताटात येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू सुट्टीच्या दिवशी जेवढी करणार तेवढीच घ्या.

सुरुवात भाज्यांपासून करू नका. ज्यानं पोट भरतं आणि भरलेलं राहतं ते आधी ठरवा. आठवड्यासाठी तीन प्रकार पुरेत. डझनभर अंडी, एखादा प्रकार मासे किंवा कोंबडी, आणि घट्ट साधं दही. मांसाहार करत नसाल तर टोफू (सोयाबीनचं पनीर), डाळी आणि दही, पण मग डाळीचा वाटा वाढतो आणि भाताचा आणखी थोडा कमी करावा लागतो. डब्यातले मासे, ट्यूना किंवा सार्डिन, दोन डबे कपाटात असू द्या. ज्या दिवशी काहीच झालेलं नसेल त्या दिवसासाठी ते आहेत. दही घेताना डब्यावर ‘साधं’ आहे ना ते बघा, फळांच्या चवीच्या दह्यात साखर घातलेली असते.

मग भाज्या, आणि त्या टिकण्याच्या क्रमानं. पालेभाजी आणि मशरूम आणायचे तेवढेच, जेवढे पहिल्या दोन दिवसांत संपतील. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोवळ्या शेंगा मधल्या दिवसांसाठी. आठवड्याची शेपटी कोबी सांभाळतो, त्याच्यासारखी इमानी भाजी नाही. फ्रिजमध्ये कोबीचा गड्डा दोन आठवडेसुद्धा राहतो आणि लागेल तेवढा कापून घेता येतो. आणि गोठवलेल्या भाज्यांबद्दल मनात काही अढी असेल तर ती काढून टाका. तोडल्यानंतर लवकर गोठवलेला पालक चार दिवस फ्रिजमध्ये मलूल झालेल्या पालकापेक्षा पोषणात कमी नसतो, आणि तो निवडलेला, धुतलेला, चिरलेला असतो. बुधवारच्या माणसासाठी याहून चांगली भेट नाही. मटार आणि मका मात्र भाजीच्या हिशेबात धरू नका. मक्यात १०० ग्रॅमला १९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या जवळपास. ते खायचे तर भाताऐवजी.

बदामाचं पीठ, लो-कार्ब पाव आणि बार यांचं काय करायचं? आणलेलं संपवा, नव्यानं आणू नका. बदामाच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे ६०० उष्मांक असतात. ते वाईट नाही, पण ‘कार्ब्ज नाहीत’ म्हणून त्याचे केक, बिस्किटं भरभरून खाल्ली तर वजन हलणार नाही. बारमध्ये साखरेऐवजी बरेचदा माल्टिटॉलसारखा पदार्थ असतो. तो साखर थोडी वाढवतोच, आणि जास्त झाला तर पोटही बिघडवतो.

वेष्टन वाचण्याची एक सवय लावून घ्या, पुढच्या बाजूवरची मोठी अक्षरं सोडून द्यायची आणि थेट मागच्या तक्त्यावर जायचं. तिथे ‘प्रति १०० ग्रॅम’ हा रकाना बघा. ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना फसवतो, कारण सर्व्हिंग म्हणजे किती हे बनवणाराच ठरवतो, आणि पुडा उघडल्यावर आपण तेवढ्यावर थांबत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणून पहिली तीन नावं बघितली तरी पुरतं. डेक्स्ट्रोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप ही साखरेचीच नावं. माल्टोडेक्स्ट्रिन नावानं साखर वाटत नाही, पण तेही रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं. अजून एक बारकावा सांगते, जो पुष्कळांच्या हातून सुटतो. अमेरिकेसारख्या देशांत तक्त्यातल्या एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, म्हणून लोक ते वजा करतात. युरोपातल्या तक्त्यात कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला असतो. तिथून आयात केलेल्या पुड्यावरून पुन्हा एकदा तंतू वजा केले तर हिशेब उगाचच कमी दिसतो.

आता ओट्यापाशी येऊ. तुम्हाला एक रुंद, जाड बुडाची कढई किंवा तवा हवा, आणि भातासाठी एक छोटं पातेलं. बस. कढईत थोडं तेल, त्यात लसूण आणि एखादा कांदा परता. कांद्याला घाबरू नका, दोघांत एक कांदा म्हणजे काही फार नाही. मग भाजी घाला, तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट. आचेवर ती बसते आणि निम्मी होते. शेवटी अंडी फोडून घाला, किंवा कोंबडीचे लहान तुकडे आधी परतून बाजूला काढलेले परत घाला, किंवा टोफू. मीठ, मिरपूड, लिंबू. बाजूच्या शेगडीवर तेवढ्या वेळात भात होतो. बाबांच्या ताटात भात जास्त आणि वर ही भाजी, अंगाबरोबर थोडा रस ठेवून, मऊ शिजवलेली. तुमच्या ताटात अर्धं ताट भाजी, पाव ताट अंडं किंवा कोंबडी, आणि उरलेल्या पाव भागात चार चमचे भात किंवा डाळ. दोघांनी जेवलं ते एकाच कढईतलं. तुम्ही भात नाकारत नाही, बाबांना वेगळं पडल्यासारखं वाटत नाही, आणि तुम्ही बसून जेवता. हे बसून जेवणं मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. उभ्यानं खाल्लेलं पोटात जातं, पण जेवल्याचं समाधान होत नाही, आणि मग अकरा वाजतात.

या एका पद्धतीतून आठवडा निघतो. कोबी बारीक, लांब चिरून मोठ्या आचेवर पाच मिनिटं परतला आणि त्यात तीन अंडी फिरवली की एक जेवण. गोठवलेला पालक थेट कढईत, पाणी आटू द्यायचं, मग टोफू किंवा कोंबडी आणि दोन चमचे दही, आच मंद करून, नाहीतर दही फुटतं. माशाच्या तुकडीला मीठ-लिंबू लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं, शेजारी शेंगा वाफवलेल्या. डाळ पातळसर करून तिच्यात भाजी घातली की सूप होतं, आणि वडिलांच्या दातांनाही ते सोसतं.

फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’ करण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल आणि तो लगदा झाला असेल. सगळ्यांचा पहिल्यांदा होतो. किस सुती कापडात दाबून पाणी काढायचं, रुंद भांड्यात पसरून झाकण न ठेवता पाचेक मिनिटं परतायचा, आणि मीठ अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की तो पुन्हा पाणी सोडतो. तो भातासारखा लागत नाही, हे आधीच मान्य करून खाल्लात तर आवडेल. पण बुधवारी नको. तो रविवारचा पदार्थ आहे.

रविवारचा एक तास मात्र आठवड्याला उधार द्या. सहा अंडी उकडून कवचासकट फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर चालतात. एक मोठी वाटी डाळ किंवा छोले शिजवा, तीन दिवस पुरतील. निम्मी कोंबडी परतून डब्यात, तीही तीन दिवसांच्या आत संपवायची. याहून जास्त तयारी करू नका, पाचव्या दिवशी त्या डब्यांकडे बघवत नाही. भात उरला तर तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष गरम केल्यानं जात नाही, आणि वडिलांच्या वयात पोट बिघडणं साधं नसतं.

संध्याकाळी दारातून आत आल्याबरोबर, कपडे बदलण्याआधी, एक उकडलेलं अंडं किंवा अर्धी वाटी दही खा. स्वयंपाक करता करता जे चीज आणि शेंगदाणे तोंडात जातात ते बहुतेक यानंच थांबतं. शेंगदाणे वाईट नाहीत, पण पुडीतून खाऊ नका, वाटीत काढून घ्या. काजूंचं मात्र लक्षात ठेवा, त्यांत १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि बदामांपेक्षा तंतू खूपच कमी.

कर्बोदकं कमी झाली की चरबी वाढते, हे ओघानंच होतं. ती कुठून येते याकडे लक्ष द्या. लोणी, चीज, साय यांच्यावरच भर राहिला तर काहीजणांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल बरंच वाढतं. तेल, मासे, बदाम-अक्रोड यांतून आलेली चरबी बरी. चार महिने झालेत, तर पुढच्या रक्ततपासणीत साखरेबरोबर कोलेस्टेरॉलही बघायला सांगा.

तुमच्यासारखी वाट धरणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरलं तर हुरळून जाऊ नका, आणि नंतर थांबलं तर खचू नका. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, आणि सुरुवातीला जातं ते बरंचसं तेच. त्याबरोबर मीठही जातं, म्हणून डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं. पाणी पुरेसं प्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि कधी काळी खाण्याशी वैर धरून बसलेली, म्हणजे उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं यातून गेलेली माणसं, यांनी हा आहार आपल्या मनानं अजिबात सुरू करू नये.

बिस्किटांचा पुडा घरात ठेवायचा की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. वडिलांना चहाबरोबर लागत असतील तर ठेवा, पण त्यांना हवी तेवढी रोजची दोन-तीन त्यांच्या डबीत काढून, ती डबी त्यांच्या खोलीत. आणि एखाद्या रात्री तो पुडा संपलाच, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून वसूल करू नका. सकाळी नेहमीसारखं खा.

उद्या संध्याकाळसाठी इतकंच करा. जाताना सहा अंडी आणि कोबीचा एक लहान गड्डा घेऊन या. घरी आल्यावर वडिलांना ओट्यापाशी खुर्ची द्या आणि त्यांच्या भाताचं पातेलं त्यांच्याच हातानं शेगडीवर ठेवायला सांगा. तो शिजेपर्यंत कोबी चिरून होतो.